खोटी गर्दी: वेबसाइट बसण्याआधी ती बसवून बघण्याची गोष्ट



२८ एप्रिल २०२१ आठवतोय? दुपारचे चार वाजले आणि अठरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी कोविनवर लसीची नोंदणी सुरू झाली. घरोघरी लोक फोन हातात घेऊन बसलेले. कुणाला ओटीपीच येईना, कुणाचं पान उघडेना. दिवस संपेपर्यंत सव्वा कोटीहून जास्त नोंदण्या झाल्या, म्हणजे यंत्रणा शेवटी सावरली. पण लक्षात काय राहिलं? ती पहिली काही मिनिटं.

आजचा भाग त्या पहिल्या काही मिनिटांवर. खरी गर्दी यायच्या आधी खोटी गर्दी आणून साइट टिकते का ते बघायचं, याला लोड टेस्टिंग म्हणतात. सुरुवातीला हे फक्त श्रीमंतांना परवडायचं. आज त्याचं साधन फुकट मिळतं. तरीही स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या छोट्या कंपन्या इथेच का अडकतात?

चला, थोडं मागे जाऊया.

आधी साधा जुगाड असायचा. ऑफिसातली माणसं कॉम्प्युटरसमोर बसवायची, एक-दोन-तीन म्हणायचं आणि सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं. पण अशी किती माणसं बसवणार? वीस, फार तर पन्नास. १९८९ साली मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह नावाची कंपनी सुरू झाली. मुळं इस्राएलमध्ये, मुख्यालय कॅलिफोर्नियात. तिने पुढे लोडरनर नावाचं सॉफ्टवेअर आणलं. एका मशीनवर शेकडो आभासी माणसं तयार करायची आणि ती सर्व्हरवर सोडायची. कल्पना भन्नाट होती, पण लायसन्स आभासी माणसांच्या संख्येवर मिळायचं. जितकी मोठी खोटी गर्दी, तितका मोठा खरा खर्च. बँका आणि टेलिफोन कंपन्यांनी तो केला. पाच जणांच्या कंपनीने काय करायचं? देवाचं नाव घ्यायचं आणि साइट सुरू करायची. या धंद्यात पैसा किती होता बघा: २००६ मध्ये एचपीने मर्क्युरी विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा किंमत होती साधारण साडेचार अब्ज डॉलर!

दरम्यान इंटरनेट घराघरात पोचत होतं आणि गर्दी काय करू शकते हे जगाला कळत होतं. ऑक्टोबर १९९९ मध्ये एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाने आपला सगळा ज्ञानकोश वेबवर फुकट खुला केला. लोक इतके तुटून पडले की साइट कित्येक दिवस नीट चाललीच नाही. त्याच वर्षी डॅन केगेल या प्रोग्रामरने एक प्रश्न मांडला: एका सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार लोकांना का सांभाळू नये? हा प्रश्न सी-टेन-के या नावाने प्रसिद्ध झाला.

छोट्यांसाठी दार मात्र एक वर्ष आधीच उघडलं होतं. १९९८ मध्ये स्टेफानो मात्सोकी या इटालियन प्रोग्रामरने अपाचे जेसर्व्ह तपासायला एक छोटं साधन लिहिलं. त्याचं नाव जेमीटर. फुकट आणि ओपन सोर्स. आजही कॉलेजातून बाहेर पडलेला टेस्टर बहुतेक वेळा यावरच हात बसवतो. मग २००६ मध्ये ॲमेझॉनने ताशी दहा सेंटला सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली. खोटी गर्दी पाठवायला मशीन विकत घ्यायचीही गरज उरली नाही.

म्हणजे साधन फुकट, मशीन भाड्याने. प्रश्न सुटला?

नाही ना! कारण खरा प्रश्न वेगळाच होता: गर्दी येणार किती, आणि ती वागणार कशी?

एखादं उडप्याचं हॉटेल डोळ्यासमोर आणा. मिनिटाला दहा गिऱ्हाईकं येतात आणि प्रत्येक जण वीस मिनिटं बसतो. खुर्च्या किती लागतील? दहा गुणिले वीस, दोनशे. आता किचन ढिलं पडलं आणि प्रत्येकाला चाळीस मिनिटं लागायला लागली. गिऱ्हाईकं तेवढीच, पण खुर्च्या चारशे! याला लिटल्स लॉ म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो गणिताने सिद्ध केला. वेबसाइटचंही तसंच. साइट थोडी मंदावली की आत अडकलेली माणसं वाढतात, त्यामुळे ती आणखी मंदावते. वर आपण काय करतो? रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश. टेस्टमधली आभासी माणसं तेवढं करत नाहीत. त्यांना तसं शिकवावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

छोट्या कंपनीच्या अडचणी इथून सुरू होतात. समजा, पुण्यातल्या सहा जणांनी कॉलेज ॲडमिशनचं सॉफ्टवेअर बनवलं. कॉलेज म्हणतं, ते आमच्याच सर्व्हरवर चालवा. तो सर्व्हर कसा आहे, त्यावर आणखी काय काय चालतं, हे यांच्या हातात नाही. टेस्ट करायला खऱ्यासारखा डेटा हवा, पण विद्यार्थ्यांची खरी माहिती वापरायची नाही. मग शंभर खोट्या नावांवर टेस्ट होते आणि प्रत्यक्षात येतात लाखभर अर्ज. पेमेंट गेटवेच्या टेस्ट खात्यावर हजारो व्यवहार सोडता येत नाहीत. ओटीपीच्या प्रत्येक एसएमएसला पैसे पडतात. म्हणून या दोन जागा टेस्टमधून वगळल्या जातात, आणि खऱ्या दिवशी गाडी नेमकी तिथेच अडते.

रिपोर्ट तरी खरं सांगतो का? ‘सरासरी वेळ दोन सेकंद’ वाचून सगळे खूश होतात. पण शंभरातल्या पंच्याण्णव जणांना एक सेकंद लागला आणि पाच जणांना एकवीस, तरी सरासरी दोनच येते. फोन भिंतीवर आपटावासा वाटणारे ते पाच जण सरासरीत दिसतच नाहीत.

तुम्ही म्हणाल, पैसा असता तर हे सगळं जमलं असतं. मग १ ऑक्टोबर २०१३ चा दिवस बघा. अमेरिकेत आरोग्य विम्यासाठी हेल्थकेअर डॉट गव्ह सुरू झाली. पैसा सरकारचा, कंत्राटदार मोठे. पहिल्या दिवशी किती जणांची नोंदणी पूर्ण झाली? सहा! नंतर संसदेच्या समितीपुढे कंत्राटदारांनी सांगितलं की सगळे भाग जोडून केलेली टेस्ट शेवटच्या दोनेक आठवड्यांतच झाली. तारीख मात्र आधीच ठरलेली होती.

मला वाटतं, या सगळ्या इतिहासाचं सार इथे आहे. साधन महाग होतं तेव्हा छोट्या कंपनीकडे कारण होतं. आज ते कारण उरलेलं नाही. आज महाग आहे तो वेळ. त्याहून महाग आहे, ज्या गिऱ्हाइकाच्या पैशावर पुढच्या महिन्याचा पगार अवलंबून आहे, त्याला ‘अजून तयार नाही, दोन आठवडे द्या’ असं सांगण्याची हिंमत. मोठी कंपनी एक वाईट दिवस पचवते. सहा जणांची कंपनी ॲडमिशनच्या पहिल्याच सकाळी कोसळली, तर दुसरं कॉलेज तिला उभं करत नाही.

तुमच्यापैकी कुणी असं काम करत असेल, तर एक करा. पहिली टेस्ट शेवटच्या आठवड्यात नको, पहिल्या महिन्यात करा. दहाच आभासी माणसं असली तरी चालतील. आणि त्यांना रिफ्रेश दाबायला नक्की शिकवा.

भेटूया पुढच्या भागात. तोवर, चक्र फिरताना दिसलं तर थोडा धीर धरा!