ख्रिस्ती घरांत लहान मुलांना प्रार्थना कशी शिकवतात? पाठांतर की मनातलं बोलणं?

तीन-साडेतीन वर्षांचं मूल हात जोडून, डोळे घट्ट मिटून 'प्रभूची प्रार्थना' एका दमात म्हणून दाखवतं. शेवटी जोरात 'आमेन'. घरातलं कुणीतरी व्हिडिओ काढतं, तो फॅमिली ग्रुपवर जातो आणि खाली हार्टची रांग लागते.

मुलाला त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ माहीत नसतो. मराठीत प्रचलित असलेल्या एका अनुवादात 'परीक्षा' हा शब्द येतो. तिथे त्याचा अर्थ आहे मोहाची कसोटी, पण पहिलीतल्या मुलाला परीक्षा म्हटलं की शाळेतली परीक्षाच आठवणार. मग हे मूल प्रार्थना करत होतं की नुसतं पाठ म्हणून दाखवत होतं?

महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख आहे, म्हणजे एक टक्क्यापेक्षा थोडी कमी. वसईतला कॅथलिक, अहमदनगरकडचा (आताचं अहिल्यानगर) प्रोटेस्टंट, मुंबईतला ईस्ट इंडियन, अशी अनेक घरं त्यात येतात. बाकीच्यांना त्यांचा नाताळ माहीत असतो. घरात रोज काय चालतं, हे फारसं माहीत नसतं.

दोन्ही बाजू एकाच पानावर

ख्रिस्ती धर्मातली सगळ्यांत महत्त्वाची प्रार्थना म्हणजे प्रभूची प्रार्थना. बायबलमध्ये ती दोन ठिकाणी येते: मत्तयच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आणि लूकमध्ये अकराव्या अध्यायात. लूकमधला प्रसंग असा की शिष्यच येशूला 'आम्हाला प्रार्थना करायला शिकवा' अशी विनंती करतात. थोडक्यात, मोठ्या माणसांनाही प्रार्थना शिकावी लागते, हे तिथे गृहीतच आहे.

मत्तयमध्ये गंमत आहे. या प्रार्थनेच्या अगदी आधी येशू बजावतो की देवासमोर उगाच शब्दांची बडबड करू नका. आणि लगेच पुढे काय देतो, तर ठरावीक शब्दांची एक प्रार्थना! त्यामुळे 'पाठांतर हवंच' म्हणणारे आणि 'पोपटपंची नको' म्हणणारे, दोघेही आपला पुरावा याच पानावरून काढतात. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या 'डिडाखे' या छोट्या ग्रंथात ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलं आहे. म्हणजे तिचं पाठांतर फार लवकर सुरू झालं होतं.

हा पेच सोडवण्याचा एक चांगला प्रयत्न १५२९ साली झाला. जर्मनीतल्या चर्चना भेटी देताना साध्या माणसांना धर्माची मूलतत्त्वंही माहीत नाहीत हे मार्टिन ल्यूथरला दिसलं, आणि त्याने 'लहान प्रश्नोत्तरी' लिहिली. त्यात प्रभूच्या प्रार्थनेचं एकेक वाक्य घेतलं आहे आणि प्रत्येक वाक्यानंतर प्रश्न आहे की याचा अर्थ काय. उत्तर दोन-चार सोप्या वाक्यांत. शिकवायचं कोणी, हेही ल्यूथरने ठरवून टाकलं: पाळकाच्या आधी घरातल्या कर्त्या माणसाने. जेवणाआधीची, सकाळची आणि झोपतानाची प्रार्थनाही त्याच पुस्तकात आहे. पाठ करून घ्या, पण अर्थ विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, ही पद्धत आजही कुणालाही वापरता येईल अशीच आहे.

घंटा वाजवत फिरणारा पाद्री

आपल्याकडे ही गोष्ट गोव्यातून सुरू होते. फ्रान्सिस झेवियर १५४२च्या मे महिन्यात गोव्यात पोहोचला. हातात घंटा घेऊन तो रस्त्यांतून फिरायचा, मुलं आणि नोकरचाकर गोळा करायचा आणि चर्चमध्ये नेऊन त्यांच्याकडून प्रार्थना म्हणून घ्यायचा. पुढे तमिळ किनाऱ्यावर त्याने स्थानिक लोकांच्या मदतीने प्रार्थना तमिळमध्ये आणल्या. मुलांनी शिकलेलं घरी जाऊन आईबापांना शिकवावं, असं तो सांगायचा. ल्यूथरच्या अगदी उलट दिशा: इथे मूल शिक्षक, आईबाप विद्यार्थी.

मग आला थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात आला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' (१६१६) मराठी वाचकांना ऐकून माहीत असतं. पण त्याचं दुसरं एक पुस्तक आपल्या विषयाला जास्त जवळचं आहे. मुलांना शिकवण्यासाठी लिहिलेल्या एका पोर्तुगीज प्रश्नोत्तरीवर आधारलेलं हे कोकणी पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली रायतूर इथे छापलं गेलं. त्यातही सगळं संवादातूनच चालतं. म्हणजे प्रार्थना लोकांच्या भाषेत शिकवायच्या, हे धोरण होतं.

ते टिकलं मात्र नाही. १६८४मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. इन्क्विझिशनही याच गोव्यातलं. त्यामुळे घंटा वाजवणाऱ्या पाद्र्याची गोष्ट सांगताना त्या काळातली सक्ती झाकून चालणार नाही.

आज घरात काय होतं?

कॅथलिक घरात सुरुवात शब्दांनी होत नाही, हाताने होते. बोलता येण्याआधीच मुलाचा उजवा हात धरून क्रुसाची खूण करायला शिकवतात: कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. (पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आधी उजव्या खांद्याला हात लावतात.) मग प्रभूची प्रार्थना, मग 'नमो मरिये'. संध्याकाळी घरात रोझरी होत असेल, तर मूल आधी नुसतं मांडीवर बसून ऐकतं. तेच तेच शब्द पन्नासेक वेळा कानावर पडल्यावर शिकवायची वेगळी गरज उरत नाही. गोव्यात रोझरीला 'तेर्स' म्हणतात आणि प्रार्थना संपल्यावर मुलं घरातल्या वडीलधाऱ्यांकडे 'बेसांव', म्हणजे आशीर्वाद, मागतात. बऱ्याच जणांना लहानपणीच्या प्रार्थनेतला हा भागच सगळ्यांत जास्त आठवतो.

प्रोटेस्टंट घरात मरियेला उद्देशून प्रार्थना नसते आणि जपमाळही नसते. तिथे भर असतो स्वतःच्या शब्दांवर. कौटुंबिक प्रार्थनेत बायबलमधला उतारा वाचतात, गीत म्हणतात आणि एकेक जण आपल्या शब्दांत प्रार्थना करतो. मुलाची पाळी आली की ते आईने कानात सांगितलेली दोन वाक्यं म्हणतं. बाकी शिकणं संडे स्कूलमध्ये आणि मे महिन्याच्या सुट्टीतल्या शिबिरांत. संडे स्कूलची चळवळ १७८०च्या सुमारास इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्सने वाढवली. आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांना रविवारी वाचायला शिकवणं हा तिचा मूळ उद्देश होता.

एक छोटा घोळ दोन्हीकडच्या मुलांचा होतो. प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी प्रोटेस्टंट मंडळ्या देवाच्या गौरवाचं एक वाक्य जोडून म्हणतात, कॅथलिक त्याआधीच थांबतात. शाळेत दोघं शेजारी उभे असले की एकाचं 'आमेन' होतं आणि दुसऱ्याचं चालूच असतं.

स्वतःच्या शब्दांत बोलायला शिकवण्यासाठी पाच बोटांची युक्ती बरीच वापरली जाते. सोशल मीडियावर ती पोप फ्रान्सिस यांच्या नावाने फिरते. अंगठा आपल्या सगळ्यांत जवळ, म्हणून आधी घरच्यांसाठी. तर्जनी दिशा दाखवते, म्हणून शिक्षक आणि डॉक्टरांसाठी. मधलं बोट उंच, म्हणून सत्तेतल्या लोकांसाठी. अनामिका दुबळी, म्हणून आजारी आणि गरिबांसाठी. करंगळी शेवटी, स्वतःसाठी. युक्ती साधी आहे, पण ती एक मोठं काम करते: प्रार्थनेची वाढदिवसाच्या गिफ्टची यादी होऊ देत नाही.

मुलाला नेमकं काय कळतं?

१९६७मध्ये लाँग, एल्काइंड आणि स्पिल्का या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी पाच ते बारा वर्षांच्या मुलांना प्रार्थनेबद्दल प्रश्न विचारले. त्यात 'कुत्रे-मांजरं प्रार्थना करतात का?' असाही एक प्रश्न होता. त्यांना साधारण तीन टप्पे दिसले. पाच-सात वर्षांच्या मुलांना प्रार्थनेचा देवाशी काहीतरी संबंध आहे एवढंच धूसर कळतं. सात-नऊच्या वयात प्रार्थना म्हणजे ठरलेल्या वेळी करायची एक कृती. नऊ-दहाच्या पुढे ती मनातली, खासगी गोष्ट व्हायला लागते.

याचा अर्थ व्हिडिओतलं ते मूल ढोंग करत नाही. त्या वयात प्रार्थना असते ती एवढीच: आईचा आवाज, जोडलेले हात, विझवलेला दिवा. अडचण येते ती दहाव्या वर्षीही मोठी माणसं तेवढ्यावरच समाधानी राहिली तर.

रोममध्ये १९५४पासून सोफिया काव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी माँटेसरी पद्धतीने धर्मशिक्षण सुरू केलं. मुलांना हाताळता येतील अशा लाकडी आकृत्या, मेंढपाळाची गोष्ट आणि भरपूर शांतता. काव्हालेत्ती यांचं निरीक्षण असं की अगदी लहान मुलं प्रार्थनेत फारसं काही मागतच नाहीत, ती आभार मानतात आणि आनंद सांगतात. शिकवण्याच्या घाईत मागायची सवय आपणच लावतो, हे वाचून अनेक आईबाबांना थोडं टोचेल.

देवाला 'तू', पण कुठल्या भाषेत?

फेसबुकवर एक दावा हमखास दिसतो: येशू देवाला 'अब्बा' म्हणायचा, म्हणजे 'डॅडी'. तो पूर्ण बरोबर नाही. 'अब्बा' हा अरामी शब्द जवळिकीचा आहे खरा, पण मोठी झालेली माणसंही वडिलांना तसंच म्हणायची. जेम्स बार या अभ्यासकाने १९८८मध्ये हे सविस्तर दाखवून दिलं. तो फक्त बाळबोबडा शब्द नव्हता.

मराठीत ही जवळीक 'तू'मधून येते. वडिलांना 'अहो बाबा' म्हणणाऱ्या घरातही देव 'तू'च असतो, मग तो विठ्ठल असो की ख्रिस्त. नारायण वामन टिळकांनी ही नस बरोबर ओळखली. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या 'फुलामुलांच्या कवी'ने ख्रिस्ती भक्ती अभंग-भजनांत आणली. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत'मधून त्यांची गीतं आजही म्हटली जातात. कॅथलिकांची मिस्सा मात्र १९६०च्या दशकापर्यंत लॅटिनमध्ये होती. १९६३मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वाट मोकळी केली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' हे याच वाटेवरचं पुढचं मोठं काम, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला.

आता नवा पेच आहे. इंग्रजी माध्यमातलं मूल प्रार्थना शाळेत इंग्रजीतून शिकतं आणि आजी मराठीतून म्हणते. दोघांना एकत्र प्रार्थना म्हणता येत नाही. निदान एक प्रार्थना आजीच्या भाषेत शिकवणं फार अवघड नाही, आणि ते आजीच करू शकते.

मागितलं ते मिळालं नाही तर?

मुलांच्या प्रार्थनेतला सगळ्यांत अवघड प्रश्न हाच. 'आजोबांना बरं कर' म्हणून मुलाने रोज प्रार्थना केली आणि आजोबा गेले. अशा वेळी 'तू मनापासून प्रार्थना केली नसशील' हे वाक्य कुणीही, कधीही बोलू नये. त्यात मुलाच्या डोक्यावर मृत्यूची जबाबदारी येते.

बायबलमध्ये याचं सोपं उत्तर नाही, पण सोबत आहे. अटकेच्या रात्री गेथशेमानेच्या बागेत येशूने स्वतःच आपल्यावरचं संकट टळावं म्हणून प्रार्थना केली, आणि ते टळलं नाही. १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं सरळ तक्रारी आहेत. तेराव्या स्तोत्रात माणूस देवाला जाब विचारतो की अजून किती दिवस मला विसरणार आहेस. देवावर रागावणं हीसुद्धा प्रार्थना असू शकते, हे मुलांना क्वचितच कुणी सांगतं.

प्रार्थनेतून भीती घालण्याचा इतिहासही आहे. अठराव्या शतकातल्या 'न्यू इंग्लंड प्रायमर'मधली झोपण्याआधीची प्रसिद्ध इंग्रजी प्रार्थना मुलाकडून झोपेतच मरण आलं तर काय, हे म्हणवून घेते. पुढे त्या ओळी बदलून सौम्य आवृत्त्या निघाल्या. 'खोटं बोललास ना, जा, जाऊन प्रार्थना कर' हा आपल्याकडचा त्याचाच धाकटा भाऊ. प्रार्थना शिक्षा म्हणून दिली की मूल ती शिक्षा म्हणूनच लक्षात ठेवतं.

शाळेतली प्रार्थना आणि मुलाचा हक्क

मिशनरी शाळांवरून ऑनलाइन भांडणं होतात, म्हणून कायदा माहीत असलेला बरा. राज्यघटनेच्या कलम २८नुसार पूर्णपणे सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करायचं, तर पालकांची संमती लागते. संमती ख्रिस्ती पालकांचीही लागते, इतरांचीही.

आणि मुलाचं स्वतःचं मत? भारताने १९९२मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या कलम १४मध्ये मुलाचं धर्मस्वातंत्र्य मान्य केलं आहे, आणि मुलाची समज वाढेल तसं त्याला मार्गदर्शन करण्याचा पालकांचा हक्कही. चर्चनेही वयाचा विचार केला आहे. पोप दहावे पायस यांनी १९१०मध्ये प्रथम कम्युनियनचं वय साधारण सात वर्षांवर आणलं, कारण त्या वयात मुलाला बरं-वाईट कळू लागतं. पुढे अनेक चर्चमध्ये किशोरवयात दृढीकरणाचा विधी होतो. बाळपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आईबाबांनी आणि धर्मपालकांनी मुलाच्या वतीने दिलेली उत्तरं तेव्हा त्याने स्वतःच्या तोंडाने द्यायची असतात. बॅप्टिस्ट मंडळ्या तर बाळाला बाप्तिस्माच देत नाहीत, मूल स्वतः मागेपर्यंत थांबतात.