कातिबाचा कागद आणि शिल्पकाराचा कागद

मराठीत शिळाछापाचा विषय निघाला की गणपत कृष्णाजींचे नाव येते, आणि ते रास्तच आहे. १८३१ साली त्यांनी मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. पण पुढे मराठी खिळ्यांवर गेली आणि दगड मागे पडला. उर्दूचे तसे झाले नाही. नस्तालिकची अक्षरे तिरकी उतरतात, एकमेकांवर चढतात, शेजार बदलला की रूप बदलतात. शिशाच्या खिळ्यांना हे जमेना. म्हणून उर्दू दीडशे वर्षे दगडाला धरून राहिली. लखनौचा १८५८ चा नवलकिशोर प्रेस सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या शिळाप्रेसमधली फारसी पुस्तके जहाजाने इराणपर्यंत जात, हे आपल्यातही फार थोड्यांना माहीत असते.

ही विद्या जर्मनीतल्या झेनेफेल्डरची, १७९६ च्या सुमाराची. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, एवढेच तिचे मर्म. कातिब मसाला लावलेल्या कागदावर तेलकट शाईने, बोरूने सुलटे लिहितो. कागद दगडावर पालथा घालून दाबला की अक्षरे दगडावर उलटी उतरतात. दगड ओला करून वर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरांना धरते. उतरताना तुटलेला नुक्ता दगडावर उलट्या अक्षरात दुरुस्त करणारा तो संगसाज. उलटे वाचणे आणि उलटे लिहिणे हेच त्याचे पोट.

आता पॅरिसकडे पाहू. आल्बेर्तो जाकोमेत्ती (१९०१-१९६६) हा काटकुळ्या, उंच माणसांच्या ब्राँझ पुतळ्यांसाठी प्रसिद्ध झालेला शिल्पकार. अखेरच्या वर्षांत तो तेलकट खडू आणि असाच मसाल्याचा कागद घेऊन पॅरिसचे रस्ते, कॅफे, स्वतःची कार्यशाळा चितारत राहिला. कागदावरून चित्रे दगडावर गेली. अशी १५० शिळाचित्रे ‘अंत नसलेले पॅरिस’ अशा अर्थाच्या ग्रंथात १९६९ साली, त्याच्या मृत्यूनंतर आली. प्रती मोजक्या, क्रमांक घातलेल्या.

कागद तोच, रीत तीच. दगड हजारो प्रती देऊ शकतो. मोजक्याच काढायच्या, हे माणूस ठरवतो. चित्रकार पेन्सिलीने ७/५० असे लिहून सही करतो. म्हणजे पन्नासांतली सातवी प्रत. मग दगड घासून टाकतात आणि चित्राची किंमत वाढते. आमचेही दगड घासले जात, पण पुढच्या पानासाठी. आमच्या उर्दूला प्रती हव्या होत्या, जितक्या निघतील तितक्या. शेळगावसारख्या गावातल्या मुलाच्या हाती कायदा पडायचा तर दुसरा उपाय नव्हता. या विपुलतेला आम्ही कमी लेखणार नाही. ती गरिबांची गरज होती.

खंत वेगळीच आहे. जाकोमेत्तीचे प्रत्येक पान आज सूचीत नोंदलेले आहे. कातिबाचे नाव कधीकधी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सापडते, पुष्कळदा तेही नाही. संगसाजाचे नाव तर आम्ही एकाही पुस्तकावर पाहिलेले नाही. १९८१ मध्ये नूरी नस्तालिक आले, मग संगणक घरोघर आला आणि हे दोन्ही व्यवसाय उठले. मदरशांत, मशिदींच्या कपाटांत, आजोबांच्या पेटीत शिळाछाप किताबे अजून आहेत. रद्दीत घालण्यापूर्वी त्यांचे शेवटचे पान उघडावे आणि नाव असल्यास वहीत उतरवून ठेवावे.