आजेपाडवा
आजेपाडवा म्हणजे आश्विन शुद्ध प्रतिपदेस मुलीच्या मुलाने आपल्या दिवंगत आजोबांचे, अर्थात आईच्या वडिलांचे, श्राद्ध करण्याचा दिवस. यास मातामह श्राद्ध किंवा दौहित्र प्रतिपदा असेही म्हणतात. ‘आजा’ म्हणजे आजोबा, त्यावरून हे नाव पडले. सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्याच दिवशी ही तिथी येते. याच दिवशी घटस्थापनाही असल्याने काही घरांत श्राद्ध आणि नवरात्रारंभ एकाच दिवशी होतात.

ज्याचे वडील हयात आहेत, त्याला एरवी पितृपक्षातील श्राद्धाचा अधिकार नसतो. वडील गेल्यावर तो जे श्राद्ध करतो, त्यात पितृकुळाबरोबर मातामहांचाही उच्चार होतोच. आजेपाडव्याचे श्राद्ध मात्र वडील हयात असणाऱ्या नातवासाठीच सांगितले आहे. मामा हयात असला तरी ते करता येते. मुंज न झालेल्या मुलासही हा अधिकार आहे, असे ‘धर्मसिंधु’ या ग्रंथाचे मत आहे. त्यामुळे अनेक मुलांच्या हातून घडणारे पहिले श्राद्ध आजोबांचे असते. ज्यांच्या मांडीवर तो खेळला, त्यांच्याच नावाने तो तिलोदक सोडतो. परंपरेने हा अधिकार नातवाचा मानला. नातीचा उल्लेख या विधीत येत नाही.