टप्प्याटप्प्याचा बाण

‘अग्निबाण’ हा शब्द आज पुस्तकी वाटतो, पण नुसता ‘बाण’ त्याहून जुना आहे. मराठ्यांच्या कागदपत्रांत बाण म्हणजे धनुष्याचा तीर, आणि बांबूला बांधलेली दारूची नळीही. दिवाळीत फुलबाज्या-भुईनळ्यांबरोबर घरात येणारा बाण याच दुसऱ्या कुळातला. हैदर आणि टिपू यांच्या काळात म्हैसुरात ही नळी लोखंडाची झाली. ती सुमारे 20 सेंटिमीटर लांब असे आणि तिला सुमारे 1.2 मीटरचा बांबू बांधलेला असे. एप्रिल 1799 मध्ये श्रीरंगपट्टणजवळच्या एका राईत रात्रीच्या हल्ल्यात ब्रिटिश अधिकारी आर्थर वेलस्लीच्या तुकडीला हे बाण आणि बंदुकांचा मारा सोसवला नाही. हाच वेलस्ली 1803 च्या नोव्हेंबरात वऱ्हाडातली आडगावची लढाई जिंकला आणि 15 डिसेंबरला गाविलगड पडला. पुढे त्या मुलखात एलिचपूरलगत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची जी छावणी वसली, तिच्याभोवतीच परतवाडा वाढला.

बाणाचा बांबू केवळ धरण्यापुरता नसतो. उडत्या वस्तूचा गुरुत्वमध्य पुढे आणि वाऱ्याचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू मागे असला, तरच ती सरळ जाते. लांब बांबूमुळे हा दाबबिंदू मागे सरकतो. पुढे बांबूची जागा पंखांनी घेतली. तत्त्व मात्र बदलले नाही.

युरोपात बाणाला टप्पे आले ते दारूकामगारांच्या हातून. सोळाव्या शतकात ट्रान्सिल्व्हेनियातल्या सिबिऊच्या शस्त्रागारात काम करणाऱ्या कॉनराड हासने एकावर एक बसवलेल्या नळ्यांची चित्रे काढली आणि त्यांचे वर्णन लिहून ठेवले. खालची जळून संपली की वरची पेटते, ही कल्पना त्यात स्पष्ट आहे. त्याचे हस्तलिखित 1961 मध्ये उजेडात आले. काझिमिएर्झ सिमिएनोविचचा तोफखान्यावरचा ग्रंथ 1650 मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला आणि त्यातही अनेक टप्प्यांचे बाण आहेत.

टप्पे का हवेत, याचा हिशेब मात्र 1903 मध्ये कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्हस्कीच्या सूत्राने मांडता आला. बाणाला मिळणारा वेग भरलेल्या आणि रिकाम्या वजनाच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिथमवर ठरतो. त्यामुळे इंधन दुप्पट केले तरी वेग दुप्पट होत नाही. दाणे काढून झाल्यावर रिकामी कणगी गाडीत घालून पुढे कोणी नेत नाही. रॉकेटनेही रिकामी टाकी पाठीवर वाहू नये, एवढेच या हिशेबाचे सार. अमेरिकेत रॉबर्ट गोडार्डला 1914 मध्ये अशा रचनेचे पेटंट मिळाले. भारतातून 21 नोव्हेंबर 1963 रोजी थुंब्याहून उडालेले पहिले रॉकेट, नायकी-अपाचे, दोन टप्प्यांचे होते. चार टप्प्यांचे एसएलव्ही-3 जुलै 1980 मध्ये रोहिणी उपग्रह घेऊन कक्षेत पोचले. त्याचे चारही टप्पे घन इंधनाचे होते, आणि इस्रोतल्या घन इंधनाच्या कामाच्या अग्रणींत पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर होते. मराठी वाचकाला हे नाव ठाऊक असतेच, ते अधिक ठाऊक असायला हवे.

हीच तत्त्वे छंद म्हणून लहान मापात वापरणाऱ्या नमुना रॉकेटची कुळकथा 1954 पासून सुरू होते. नेब्रास्कातल्या नॉरफोकमध्ये चपला-बुटांचे दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइलने तयार, बदलता येणाऱ्या मोटरीचे हलके रॉकेट केले. त्याचा मोठा लाभ असा की करणाऱ्याला दारू कुटावी, भरावी लागत नाही. परवान्याविना घरी दारू भरणे आपल्याकडे स्फोटक कायद्याने गुन्हा आहे. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या सरकारी संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे.

मोटरीवरचा ‘सी6-0’ हा संकेत वाचता आला की टप्प्यांचे गणित हाती येते. ‘सी’ म्हणजे 5 ते 10 न्यूटन-सेकंदांचा एकूण आवेग, 6 म्हणजे सरासरी ढकल न्यूटनमध्ये, आणि 0 म्हणजे विलंब नाही. खालच्या टप्प्याला अशीच मोटर लागते: तिचे इंधन वरच्या टोकापर्यंत जळले की गरम वायू थेट वरच्या मोटरीच्या तोंडात शिरतात आणि ती पेटते. वरचीला मात्र विलंब हवा, म्हणजे रॉकेट उंचीवर थांबेस्तोवर ती पॅराशूट फेकत नाही.

नमुन्यासाठी एसएलव्ही-3 घेतले, तर हे 22 मीटर उंच रॉकेट 1:40 मापात 55 सेंटिमीटरचे होते. पहिला टप्पा 1 मीटर व्यासाचा, म्हणून नमुन्यात 25 मिलिमीटर, दुसरा 0.8 मीटरचा, म्हणून 20 मिलिमीटर. 18 मिलिमीटर व्यासाची मोटर दोन्हींत मावते. वरचे दोन टप्पे केवळ देखाव्याचे ठेवतात. नळ्या कागद गोल काठीवर गुंडाळून, थरांत डिंक लावून करतात, पंख बाल्साचे. परतवाड्याच्या डेपोतला मेळघाटी साग इथे उपयोगी नाही, कारण बाल्सा त्याच्या साधारण चौथाईच वजनाचा असतो.

खरी अडचण दुसऱ्या टप्प्याची. मूळ रॉकेटला पंख पहिल्या टप्प्याच्या बुडाशीच होते. तो गळून पडला की नमुन्याचा वरचा भाग पंखांविना गडगडू लागेल. म्हणून त्याच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिकचे पंख लावतात, जे दुरून दिसत नाहीत. तरी दाबबिंदू मागे गेला नाही, तर टोकाच्या शंकूत थोडे वजन भरतात. मग मोटरी बसवून गुरुत्वमध्याला दोरी बांधायची आणि जोंधळ्याच्या माळ्यावरून गोफण फिरवावी तसे डोक्यावर फिरवायचे. टोक पुढे राहिले तर उड्डाण सरळ होण्याचा भरवसा आहे. ही परीक्षा दोनदा करतात: पूर्ण रॉकेटची, आणि खालचा टप्पा काढून वरच्या एकट्याची.