ऑपरेशन लिंडबर्ग : महासागरापलीकडची शस्त्रक्रिया

१/ ७ सप्टेंबर २००१. शल्यविशारद झाक मारेस्को न्यूयॉर्कमध्ये एका पडद्यासमोर बसले होते. त्यांची ६८ वर्षांची रुग्ण मात्र अटलांटिकपलीकडे, फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे होती.

२/ मारेस्को यांच्या हातांच्या हालचाली प्रकाशतंतूंच्या तारेतून ‘झ्यूस’ या यंत्रमानवापर्यंत पोहोचत आणि त्याचे बाहू तसे चालत. पित्ताशय सुखरूप काढले गेले. न्यूयॉर्कहून पॅरिसला १९२७ साली एकट्याने विमान नेणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गचे नाव या प्रयोगाला दिले गेले.

३/ खरी कसोटी वेळेची होती. हात हलवल्यापासून परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत सुमारे १५५ मिलिसेकंद लागत. विलंब फार वाढला असता, तर हात पुढे आणि दृश्य मागे अशी गत झाली असती. म्हणून तारेची जोडणी खास राखीव होती आणि रुग्णाशेजारी दुसरे शल्यविशारद सज्ज होते.

४/ या स्वप्नाचे एक मूळ रणभूमीत आहे. जखमी सैनिकावर दुरून शस्त्रक्रिया करता यावी, यासाठी १९९०च्या दशकात अमेरिकी लष्कराने संशोधनाला पैसा पुरवला होता.

५/ घडले मात्र निराळेच. २००३ मध्ये झ्यूसची कंपनी प्रतिस्पर्धी ‘दा विंची’च्या कंपनीत विलीन झाली आणि झ्यूस मागे पडला. दा विंची चालवणारा शल्यविशारद बहुधा रुग्णाच्याच खोलीत, काही फुटांवर बसलेला असतो.

६/ कारण उघड आहे. जिथे शल्यविशारद नाही, तिथे महागडे यंत्र, राखीव जोडणी आणि सज्ज पथकही सहसा नसते. म्हणून तंत्रज्ञानाच्या इतिहासाला दोन प्रश्न विचारावेत : काय शक्य झाले? आणि ते कोणापर्यंत पोहोचले?