लगडींचा हिशेब

जोसेफ कॉनरॅडची 'नोस्ट्रोमो' ही कादंबरी १९०४ साली प्रसिद्ध झाली. १९१७ साली त्याने तिला एक प्रस्तावनावजा टिपण जोडले. कोस्टाग्वाना देशाच्या इतिहासासाठी आपला मुख्य आधार डॉन होसे आवेयानोस यांचा 'कुशासनाच्या पन्नास वर्षांचा इतिहास' हा ग्रंथ आहे, असे तो त्यात सांगतो. हा ग्रंथ कधीच प्रसिद्ध झाला नाही आणि त्यातला मजकूर जगात एकट्या आपल्यालाच ठाऊक आहे, अशी पुस्तीही जोडतो. कोस्टाग्वाना हा देश कुठल्याच नकाशावर नाही, आणि आवेयानोस तर कादंबरीतलेच पात्र. म्हणजे लेखकाने स्वतःच निर्माण केलेल्या माणसाच्या, स्वतःच कल्पिलेल्या ग्रंथाचा हवाला दिला आहे. थट्टा उघड आहे. पण आयुष्याची बरीच वर्षे इतरांनी लिहिलेले कागद चाळण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला ती नुसती थट्टा वाटत नाही. चांदीच्या एका खाणीपायी एक देश दुभंगतो, त्याचा इतिहास कोण लिहितो आणि त्या इतिहासाचे पुढे काय होते, हा या कादंबरीचा गाभा आहे, असे माझे मत आहे.

कथानक थोडक्यात असे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सुलाको नावाचे बंदर, त्यामागे डोंगर, आणि डोंगरात सान तोमेची चांदीची खाण. बंद पडलेल्या या खाणीचा मक्ता सरकारने गूल्ड नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याच्या गळ्यात जबरदस्तीने बांधला आणि पाच वर्षांचे स्वामित्वधन आगाऊ वसूल केले. त्या ओझ्याखाली म्हातारा खचून मेला. 'या देशात पुन्हा पाऊल टाकू नकोस' असे तो मुलाला पत्रांतून विनवीत होता. मुलाने, चार्ल्स गूल्डने, नेमके उलटे केले. सान फ्रान्सिस्कोच्या होलरॉइड या धनाढ्याचे भांडवल घेऊन तो परतला आणि त्याने खाण सुरू केली. पुढे क्रांती होते आणि बंडखोर सुलाकोवर चालून येतात. चांदी त्यांच्या हाती पडू नये म्हणून ती रात्रीच्या काळोखात एका पडावावर चढवून समुद्रात धाडली जाते. पडावावर दोघे असतात. गोदी कामगारांचा इटालियन मुकादम नोस्ट्रोमो आणि पॅरिसहून आलेला पत्रकार मार्टिन देकू.

नावे कुठून आली

कॉनरॅडने दक्षिण अमेरिका जवळजवळ पाहिलीच नव्हती. तारुण्यात जहाजावर असताना व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर त्याने काही थोडे दिवस काढले, एवढेच. बाकीचा देश त्याने पुस्तकांतून उभा केला. त्यांतली दोन महत्त्वाची. एक, ईस्टविकचे व्हेनेझुएलावरचे १८६८चे पुस्तक आणि दुसरे, मास्टरमनचे पाराग्वायमधल्या सात वर्षांच्या आठवणींचे १८६९चे पुस्तक.

मास्टरमन पाराग्वायच्या लष्करात औषधविभागाचा प्रमुख होता. हुकूमशहा सोलानो लोपेसने १८६८मध्ये त्याला कटाच्या संशयावरून पकडले. छळ करून त्याच्याकडून खोटा कबुलीजबाब वदवून घेतला गेला, आणि तो वदवून घेणाऱ्यांत पाद्रीही होते. कादंबरीतल्या डॉ. मॉनिगमचे पूर्वायुष्य वाचताना हे प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही. हुकूमशहा गुस्मान बेन्तोच्या काळात मॉनिगमलाही असेच छळले गेले. त्याने मित्रांची नावे घेतली, आणि ती शरम तो लंगडत्या पायासह जन्मभर वागवतो. गूल्ड, देकू, फिदान्सा ही आडनावेही मास्टरमनच्या पुस्तकात भेटतात. आवेयानोस यांच्या व्यक्तिरेखेमागे कोलंबियाचे मुत्सद्दी आणि लेखक सान्तियागो पेरेस त्रियाना असल्याचे अभ्यासक मानतात. कॉनरॅडची त्यांच्याशी ओळख कनिंगहॅम ग्रॅहम या मित्राकडून झाली होती. नोस्ट्रोमोचा सांगाडा दोमिनिक चेर्वोनी या कॉर्सिकन नाविकावरून घेतल्याचे कॉनरॅडनेच त्या टिपणात सांगितले आहे.

लेखनाला ताजा इतिहासही येऊन भिडला. कॉनरॅड कादंबरीत बुडालेला असतानाच, ३ नोव्हेंबर १९०३ रोजी, पनामा प्रांत कोलंबियापासून फुटला. बंड मोडायला आलेल्या कोलंबियन सेनापतींना रेल्वेच्या अधिकाऱ्याने गाडीत बसवून पुढे धाडले आणि डबे नसल्याचे सांगून सैन्य मागेच ठेवले. पनामा शहरात ते सेनापती अटकेत पडले. रेल्वे अमेरिकन कंपनीची होती आणि बंदरात अमेरिकेची युद्धनौका उभी होती. तिसऱ्या दिवशी अमेरिकेने नव्या देशाला मान्यता दिली आणि पंधरवड्यात कालव्याचा करार झाला. कादंबरीतही सुलाको कोस्टाग्वानापासून फुटून स्वतंत्र होते आणि त्याच्या झेंड्याला पहिली सलामी देते ती अमेरिकेचीच युद्धनौका. डिसेंबर १९०३मध्ये ग्रॅहमला लिहिलेल्या पत्रात कॉनरॅडने पनामातल्या या नव्या विजेत्यांचा उपरोधाने उल्लेख केला आहे. पोलिश देशभक्तांच्या घरात जन्मलेल्या, आईवडिलांबरोबर लहानपणी रशियात हद्दपारी भोगलेल्या या लेखकाला मोठ्या सत्तेने दिलेल्या स्वातंत्र्याची किंमत कुणी शिकवायची गरज नव्हती.

एकाच चांदीला अनेक नावे

कादंबरीतल्या माणसांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. यांपैकी क्वचितच कुणाला चांदी चांदी म्हणून हवी आहे. प्रत्येकाने तिला दुसरे नाव दिले आहे. चार्ल्स गूल्डला ती न्याय वाटते. खाणीमुळे सुरक्षितता येईल, सुरक्षिततेमागून कायदा येईल आणि मग शोषितांनाही आपला वाटा मिळेल, असा त्याचा सरळ हिशेब आहे. होलरॉइडला तिच्यात आपल्या शुद्ध प्रॉटेस्टंट धर्माचा प्रसार दिसतो. देकूचा तर कशावरच विश्वास नाही. त्याला चांदी म्हणजे आंतोनिया आवेयानोसच्या सहवासात राहण्याची सोय. ती देश सोडणार नाही, तेव्हा देशाचेच दोन तुकडे करावेत, असा त्याचा बेत. नोस्ट्रोमोला ती कीर्ती वाटते. आपल्याशिवाय हे काम कुणाकडून होणार नाही, असे लोकांनी म्हणावे, यासाठी तो जिवावर उदार होतो.

चांदी मात्र कुणाच्या नावाला बधत नाही. गूल्ड शेवटी अशा टोकाला येतो की, खाण शत्रूच्या हाती जाण्यापेक्षा सुरुंग लावून उडवून द्यायला तो तयार होतो. ज्या न्यायासाठी खाण होती तो न्याय बाजूला पडतो, उरते ती खाण. देकू एका बेटावर पुरलेल्या चांदीसोबत एकटा अडकतो. दहाएक दिवसांच्या निःशब्द एकांताने त्याचे अस्तित्वच त्याला खोटे वाटू लागते. तो वल्हवत आखातात जातो, खिशात चार लगडी भरतो आणि स्वतःवर गोळी झाडतो. चांदीच्या वजनाने तो बुडतो.

एमिलिया गूल्डची व्यथा वेगळी आहे. खाण सुरू होण्याआधीच्या दरीचे आणि तिथल्या धबधब्याचे तिने काढलेले जलरंगचित्र घरात टांगलेले आहे. पुढे ते पाणी चरांतून यंत्रांकडे वळवले जाते आणि धबधबा त्या चित्रापुरताच उरतो. नवरा समोर आहे, घर भरलेले आहे, पण नवऱ्याच्या आणि तिच्या मध्ये चांदीची भिंत उभी राहिली आहे. मरणशय्येवर नोस्ट्रोमो तिला पुरलेल्या चांदीची जागा सांगू पाहतो, तेव्हा ती ऐकून घ्यायला नकार देते. सगळ्या कादंबरीत चांदीला 'नको' म्हणणारे माणूस बहुधा हे एकच.

इतिहासाचे काय झाले

आता आवेयानोस यांच्या ग्रंथाकडे वळू. गुस्मान बेन्तोच्या कैदेत साखळदंडात फरफटलेल्या या वृद्धाने देशाची पन्नास वर्षे निष्पक्षपणे लिहून काढली. ग्रंथ छापखान्यात होता. दंगल झाली, जमावाने छापखाना फोडला. ग्रंथाचे फर्मे रस्त्यावर उधळले, चिखलात तुडवले गेले. उरलेल्या कागदांचे बोळे बंदुकीत ठासले गेले आणि गोळ्यांच्या जागी छापखान्यातले शिशाचे खिळे भरले गेले. राज्यकारभाराच्या दोषांचा इतिहास शेवटी दारूगोळा म्हणून कामी आला. जुन्या कागदांशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला हा प्रसंग वाचून पोटात कालवल्याखेरीज राहणार नाही.

मग सुलाकोचा इतिहास म्हणून उरते काय? कॅप्टन मिचेलचे बोलणे. हा जहाज कंपनीचा बंदरातला अधिकारी, मनाने सरळ पण समजुतीने तोकडा. सुलाको स्वतंत्र आणि श्रीमंत झाल्यावर तो पाहुण्यांना शहर दाखवत फिरतो. अमुक चौकात हे घडले, तमुक पुतळा त्यांचा, असे सांगत राहतो. तपशील बहुधा खरे असतात, पण अर्थ निसटलेला असतो. निष्पक्ष ग्रंथ चिखलात जातो आणि जिंकलेल्यांच्या वाटाड्याची बडबड टिकते. इतिहास अनेकदा असाच आपल्या हाती येतो.

या दोन्ही इतिहासांत न आलेली माणसे म्हणजे खाणकामगार. कॉनरॅड सुरुवातीलाच सांगतो की, जुन्या काळी ही खाण गुलामांच्या पाठीवरच्या फटक्यांवर चालली आणि तिथे इंडियनांच्या टोळ्याच्या टोळ्या संपल्या. हे कल्पित नव्हे. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात १५४५मध्ये चांदी सापडली. पुढे १५७०च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने नेमून दिलेल्या प्रांतांतल्या दर सात पुरुषांमागे एकाला आळीपाळीने सक्तीने खाणीवर जुंपण्याची पद्धत घालून दिली. ती दोन शतकांहून अधिक काळ चालली.

गूल्डच्या काळात फटके थांबतात, मजुरी मिळते, दवाखाना येतो. पण कामगारांच्या वस्त्यांना नावे मिळत नाहीत. पहिले गाव, दुसरे गाव, तिसरे गाव. गूल्डबाईंना त्या माणसांचे चेहरे एकसारखेच दिसतात. त्यांना एकेकटे ओळखतो तो खाणीचा व्यवस्थापक डॉन पेपे. गूल्डचा जीव धोक्यात येतो तेव्हा हेच लोक डोंगरावरून उतरून शहरावर चालून येतात आणि त्याला वाचवतात. तरी त्यांतले एकही नाव वाचकाच्या ध्यानात राहत नाही. याला कॉनरॅडची मर्यादा म्हणावे की त्याचे निरीक्षण? मला दोन्ही वाटते. कोलंबियाचा कादंबरीकार हुआन गाब्रिएल वास्केस याने २००७ साली 'कोस्टाग्वानाचा गुप्त इतिहास' ही कादंबरी लिहिली. तिचा कोलंबियन निवेदक कॉनरॅडवर आरोप करतो की, या माणसाने माझी कहाणी घेतली आणि तीतून मलाच वगळले. ज्या इतिहासाच्या हरवण्याचे दुःख कॉनरॅडने मांडले, तो इतिहास हरवण्यात त्याचाही हात लागला, ही तक्रार सहज झटकून टाकण्यासारखी नाही.

आपल्याकडेही या चांदीचा माग निघतो. अमेरिकेतल्या खाणींची चांदी स्पॅनिश नाण्यांच्या रूपाने युरोपमार्गे सुरतेला यायची आणि मुघल टांकसाळीत वितळून तिचा रुपया व्हायचा. कॉनरॅड स्वतः १८८४ साली मुंबईत होता. तिथेच तो 'नार्सिसस' जहाजावर चढला. त्या वेळी त्याच्या हाती पडलेला रुपयाही चांदीचाच असणार. जगात चांदी स्वस्त होत गेली, रुपया घसरत गेला, आणि १८९३मध्ये मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत लोकांनी चांदी आणून रुपये पाडून घेण्याची मुभा बंद झाली. चांदी वितळली की तिची जन्मखूण पुसली जाते. आपल्या आजी-पणजीच्या पैंजणात पोतोसीच्या सक्तमजुराचा घाम असेलही, पण ते सांगणारी खूण धातूत राहत नाही.

म्हणूनच मला नोस्ट्रोमोची फजिती महत्त्वाची वाटते. बेटावर परतल्यावर त्याला दिसते की, देकू नाहीसा झाला आहे आणि चार लगडी कमी आहेत. आता चांदी परत करायची तर त्या चार लगडींचा जाब द्यावा लागणार. चोर म्हणून नाव होईल या धास्तीने तो सारीच चांदी दडवतो आणि चोरून थोडीथोडी नेत खराखुरा चोर होतो. लोक त्याला आता आदराने कॅप्टन फिदान्सा म्हणतात. फिदान्सा म्हणजे इटालियनमध्ये विश्वास.

चार लगडींच्या हिशेबापायी एक माणूस आतून पोखरला गेला, कारण चांदी मोजलेली होती. लगडी किती, वजन किती, कुठल्या तिमाहीत किती निघाली, याची नोंद खाणीच्या वहीत चोख असते. त्याच डोंगरात जी माणसे संपली, त्यांच्याबद्दल तसा जाब द्यायची वेळ कुणावर येत नाही. त्यांची मोजदादच कुणी ठेवलेली नव्हती.