हिडा स्कॅनचं घराणं

नवजात बाळाची कावीळ आठवड्यांमागून आठवडे उतरत नाही, शी पांढुरकी होते, तेव्हा डॉक्टर बऱ्याचदा हिडा स्कॅन सांगतात. टेक्नेशियम जोडलेलं औषध शिरेतून देतात. यकृताच्या पेशी ते रक्तातून उचलतात आणि पित्तात सोडतात. ते आतड्यात उतरतंय का, एवढंच कॅमेऱ्याने बघायचं. दुसऱ्या दिवसापर्यंतही उतरलं नाही, तर पित्ताची वाट बंद असल्याचा संशय बळावतो.

या औषधाचं मूळ शोधायला गेलं की माणूस दाताच्या दवाखान्यात जाऊन पोचतो. हिडाचा रेणू लिग्नोकेनच्या धर्तीवर बेतलेला आहे. दाढ काढण्याआधी हिरडीत टोचतात तेच लिग्नोकेन. 1970च्या दशकात अमेरिकेत तो घडवला हृदयाचं चित्र मिळेल या आशेने, आणि तो शिरला यकृतात. म्हणून हिडाचा जन्म अपघाताने झाला, असं म्हणून लोक मोकळे होतात. मला हे पटत नाही. रेणू अपघाताने हाती लागला खरा, पण यकृतात गेलेल्या रंगाचा माग कसा काढायचा ही विद्या कितीतरी जुनी.

किती जुनी, यावर दुसरा दावेदार पुढे येतो. 1909 साली एबल आणि राउन्ट्री यांनी दाखवलं की काही थॅलीन रंग पित्तावाटे बाहेर पडतात. त्याच वाटेने 1924 मध्ये सेंट लुईसच्या ग्रॅहम आणि कोल यांनी क्ष-किरणांत पित्ताशय दाखवलं. वंशावळ भारदस्त आहे, नाकारत नाही. पण मूळपुरुष मी 1866चा मानतो: ख्झोन्शचेव्स्की.

तेव्हा भांडण वेगळंच होतं. यकृतपेशींच्या मधून अतिसूक्ष्म पित्तवाहिन्यांचं जाळं जातं, असं काही जण म्हणत. शंकेखोर म्हणत, तुम्ही पित्तनलिकेतून उलट्या दिशेने दाब देऊन रंग भरता, त्यानेच पेशी फाकतात आणि वाटा तयार होतात. आक्षेप रास्त होता. ख्झोन्शचेव्स्कीने पिचकारीच टाळली. जिवंत प्राण्याच्या रक्तात इंडिगो कार्माइन सोडलं आणि भरण्याचं काम यकृतावर सोपवलं. काही वेळाने काप काढले तर पेशीपेशींच्या सांध्यांतून निळी जाळी उमटलेली. कारखान्यातली नीळ 1897 साली बाजारात आली, म्हणजे ही निळाई झाडाचीच. बंगाल-बिहारच्या मळ्यातली असणार, हा माझा हट्ट. त्याच सुमारास हेरिंगने दाखवलं की या वाहिन्यांना स्वतःची भिंतच नाही, शेजारच्या पेशींच्या कडा हीच भिंत. (रंगदृष्टीच्या सिद्धांताने पुढे नाव काढलं ते हेच हेरिंग.)

जिवंत शरीराकडूनच रंग भरून घेण्याची ही विद्या हाडातल्या सूक्ष्म वाटांकडे उशिरा पोचली, आणि तोवर तिथे घोळ झाला. वाळलेल्या हाडाची चकती दगडावर घासून पातळ करा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या पोकळ्या आणि त्यांतून फुटलेले केसासारखे मार्ग काळे दिसतात. 1830च्या दशकात बर्लिनच्या योहान्स म्युलरने त्यांत चुना भरलेला आहे असं मानलं. भरलेली असते हवा. टर्पेंटाइन मुरू द्या, काळेपणा जातो. आम्लात टाकल्यावरही जातो, आणि त्यानेच म्युलरची समजूत पक्की झाली असावी, असा माझा तर्क. मेलेल्या हाडात बाहेरून शिरलेल्या वस्तूवर विसंबलं की असं होतं.

जिवंत हाडात या मार्गांतून हाडपेशींचे तंतू जातात. माणसाच्या सांगाड्यात अशा सुमारे 42 अब्ज पेशी असाव्यात, असा अंदाज आहे. तंतूंभोवती द्रव असतो, पण यकृतासारखा रेटून पित्त बाहेर टाकणारा पंप इथे नाही. प्राण्याच्या रक्तात रंग सोडून हाडावर भार दिला की तो खोलवरच्या पोकळ्यांत जास्त पोचतो: दाब पडला की द्रव सरकतो, सुटला की परततो. पेशीला अन्न मिळतं ते बऱ्याच अंशी या ये-जा करण्यातून, आणि तंतूंना घासून जाणाऱ्या या प्रवाहातूनच पेशी भार ओळखते. भार कमी झाला की ती स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन जास्त सोडते आणि नवं हाड घालण्याचं काम मंदावतं. प्लास्टरमध्ये गुंतलेल्या पायाचं हाड विरळ होतं, त्याचं एक कारण हे.